बायका : शून्य

हौसाच्या हातची मशेरी उंबरशेतात नावाजलेली होती. आज हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय राहिलेली नाही, पण खरं ते खरं. मुरबाडच्या बाजारातून तंबाखूची पानं ती स्वतः निवडून आणायची, अख्खी, कोरडी, वासाची. मागच्या पडवीत चूल पेटवून लोखंडी तव्यावर ती पानं काळी कुळकुळीत होईपर्यंत परतायची. त्या धुराच्या ठसक्यानं आळीतली कुत्रीसुद्धा उठून लांब जात. मग पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायची, बोटाला कळूही नये इतकी बारीक. शेजारीण डबी घेऊन आली की काठोकाठ भरून द्यायची. मशेरी मागायला आलेल्या बाईला रिकाम्या डबीनं परत पाठवायचं नाही आणि तिच्याकडून काही घ्यायचंही नाही, ही तिथली रीत होती.

सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, भाताच्या आवणीला जाण्याआधी आणि आवणीवरून आल्यावर बायका ओटीवर बसून दातांवरून बोट फिरवत. ते केल्याशिवाय पोट साफ होत नसे, डोकं धरून राही, दाढ ठणके. पोरगी सासरी जाताना तिच्या पिशवीत आई गुपचूप एक डबी सारून देई. याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं. व्यसन बाप्यांना असतं, बायका आपल्या दात घासतात.

आणि हीच हौसा गावची आशा सेविका होती. उंबरशेत शहापूर तालुक्याच्या अगदी कडेला आहे, इतकं कडेला की कागदपत्रं शहापूरची आणि बाजार मुरबाडचा. गावठाणात कुणब्यांची शंभरेक घरं, आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी. सतरा वर्षं हौसा या सगळ्यांच्या मागे फिरली. गरोदर बाईला वेळेवर दवाखान्यात पोचवायचं, पोरांना डोस द्यायला लावायचे, खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा बेडका डबीत घेऊन तपासायला पाठवायचा. शिक्षण दहावी नापास, पण बोलण्यात कोणाला हार जायची नाही. एखादी सासू सुनेला दवाखान्यात पाठवत नसली तर हौसा तिच्या ओटीवर फतकल मारून बसे आणि सून बाहेर येईपर्यंत उठत नसे. गावाला तिचा वैताग होता आणि आधारही होता.

चार वर्षांपूर्वी कॅन्सरची मोहीम आली. तोंडाचा, छातीचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा, हे तीन कॅन्सर लवकर सापडले तर माणूस वाचतो, म्हणून ते गावातच जाऊन शोधायचे, असं आशांना प्रशिक्षणात सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचं नाव त्यात भरायचं, चार प्रश्न विचारायचे आणि संशय आला तर तोंडाच्या आतला फोटो काढायचा. तो फोटो एक यंत्र वाचणार आणि तिथल्या तिथे हिरवं की लाल ते सांगणार. हजारो तोंडांचे फोटो बघून ते यंत्र शिकलं होतं म्हणे. उंबरशेतात एस्टी दिवसातून दोनदा येते, पण हे यंत्र आलं, याचं कौतुक वाटायला हवं, आणि हौसाला ते मनापासून वाटलं होतं.

प्रशिक्षणात पडद्यावर चित्रं दाखवली. गुटख्याची पुडी, चुना मळणारा तळवा, विडी, सिगारेट. सगळे हात बाप्यांचे. जेवणाच्या सुट्टीत निम्म्या आशा हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी गेल्या, कमरेच्या डब्या काढून त्यांनी दातांना मशेरी लावली, चुळा भरल्या आणि 'तंबाखू कसा ओळखावा' या तासाला पुढच्या रांगेत येऊन बसल्या. त्यांत हौसाही होती. एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकवायला आलेल्या साहेबांनाही वाटलं नाही, त्यांच्या आईच्या देवळीतही तशीच डबी असणार.

मग हौसा घरोघर फिरली. तिची धाकटी जाऊ सुंदरा, म्हणजे दीर भगीरथची बायको, पाठीला पाठ लागलेल्या घरात राहायची. हौसापेक्षा सहा वर्षांनी लहान, हसरी, बांध्यानं मजबूत. लग्न होऊन आली तेव्हा तिला चूल पेटवण्यापासून मशेरी भाजण्यापर्यंत सगळं हौसानंच शिकवलं होतं. भाजणं तिला कधी जमलं नाही, मग हौसाच तिची डबी भरत राहिली. त्या दिवशी हौसा मोबाइल घेऊन तिच्या ओटीवर बसली.

"तंबाखू खातेस?"

"मी कशाला खाऊ? खातान ते तुजे दीर," सुंदरा म्हणाली. हे सांगताना तिचं बोट तोंडात होतं.

"तोंडात फोड, चट्टा?"

"काय नाय गो बाय. लिव आपली नाय."

हौसानं 'नाही' दाबलं. तंबाखू नाही, फोड नाही, तर मग फोटोची गरजच नाही, असं ठरवून अ‍ॅपनं पुढचं पान उघडलं. एक घर आटोपलं. आठ दिवसांत गाव आटोपलं, वाडीही आटोपली. तिशीच्या वरच्या बायका दोनशे अकरा, तंबाखू सेवन शून्य.

वरच्या ऑफिसात शून्य फार आवडतं. बाकीच्या गावांत बाप्ये-बायका मिळून आकडे कुठच्या कुठे गेले होते, आणि इथे निम्मं गाव धुतल्या तांदळासारखं. हौसावर देखरेख ठेवणारी गटप्रवर्तक स्नेहल खूश झाली. आरोग्य खात्याच्या कार्यक्रमात हौसाचा सत्कार झाला, हार, नारळ, सन्मानचिन्ह, फोटो. एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की उंबरशेतच्या माताभगिनींचा आदर्श घ्यावा. माताभगिनी मागच्या खुर्च्यांवर पदराआड बोट घालून बसल्या होत्या. त्या दिवशी हौसाला झालेला आनंद खोटा नव्हता, आणि तेच तिला पुढे जास्त बोचलं.

सव्वा वर्षानं सुंदराची एक खालची दाढ हलायला लागली. दुखतं म्हणून तिनं तिथे मशेरी जास्त दाबायला सुरुवात केली. मशेरीनं बधिर वाटतं, सगळ्याच तसं करतात. हौसानंच तिला ताजी भाजून दिली. दाढ पडली, पण खड्डा भरेना. महिना गेला, दोन महिने गेले. सुंदरा भाकरी दुधात बुडवून खायला लागली, मग नुसती पेज प्यायला लागली. भगीरथ वाशिंदच्या कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला, त्याला वाटलं उष्णता झाली असेल. हौसाला काय वाटलं ते तिलाही नीट सांगता येत नाही. खोकला पंधरा दिवसांच्या वर गेला की दुसऱ्याला हात धरून दवाखान्यात नेणारी बाई, तिला जावेचा गाल सुजलेला दिसत होता आणि ती हळद लावायला सांगत होती. तंबाखू न खाणाऱ्या बाईला तोंडाचा कॅन्सर होत नाही, असं तिच्याच मोबाइलनं तिला शिकवलं होतं.

जबडा दोन बोटांपलीकडे उघडेना तेव्हा हौसा तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथे दातांच्या डॉक्टर मनस्वी होत्या, तिशीच्या आतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी दिवा लावून आत बघितलं आणि कागद पुढे ओढला.

"तंबाखू?"

"नाय," हौसा म्हणाली. सुंदरानंही मान हलवली.

डॉक्टरांनी सुंदराच्या काळ्या हिरड्यांकडे पुन्हा बघितलं. "मशेरी?"

"ती हो, लावते ना. ती सगळ्याच लावतो," हौसाच म्हणाली.

"मशेरी कशाची करतात, मावशी?"

हौसानं स्वतःच्या काळ्या पडलेल्या बोटाकडे बघितलं. तीस वर्षं तिनं ते पान बाजारात वास घेऊन पारखलं होतं, तव्यावर परतलं होतं, पाट्यावर वाटलं होतं. तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं. डोक्यापर्यंत ते कधी गेलंच नव्हतं. "तंबाखूचीच," ती म्हणाली, आणि त्या खोलीत तिला एकदम शेणाच्या खड्ड्यात ढकलल्यासारखं झालं.

पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. हिरडीचा कॅन्सर, हाडात उतरलेला, मानेतल्या गाठीपर्यंत गेलेला. हौसा पुन्हा डॉक्टर मनस्वींकडे गेली आणि तिनं विचारलं, हा आधी कसा दिसला असता, आणि कधी. डॉक्टरांना तिच्या मनातलं माहीत नव्हतं, त्यांनी सरळ सांगून टाकलं. पावणेदोन-दोन वर्षांमागे तिथे नुसता पांढरा चट्टा असणार. नखाएवढा. तो तेव्हा काढून टाकला असता, अर्ध्या तासाचं काम, आणि दुपारच्या एस्टीनं बाई घरी. हौसानं बाहेर येऊन मोबाइलमध्ये सर्वेक्षणाची तारीख बघितली. मग बाकड्यावर बसून राहिली, सुंदराच्या गोळ्या घ्यायच्या होत्या तेही विसरली.

तिनं जावेपासून लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात तिनं सुंदराला सगळं सांगितलं. तवा फोटो काडला असता तर चट्टा दिसला असता, यंत्रानं लाल सांगितलं असतं, मी 'नाय' दाबलं. सुंदरा ऐकत होती. तोंड उघडत नव्हतं, दातांतूनच बोलली.

"मीच सांगतला ना तुला, नाय लिव."

त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं. हौसानं त्या दिवशी मशेरी सोडली. चार दिवस डोकं फुटायची वेळ आली, पण सोडली. पडवीतला तवा तिनं ओढ्यात फेकून दिला.

ऑपरेशन अकरा तास चाललं. अर्धा जबडा काढला, पायाचं हाड घेऊन तिथे बसवलं. शिवलेली तोंडं किती सुबक दिसतात याचे फोटो डॉक्टरांनी आधी दाखवले होते, आणि त्यांनी कसर ठेवली नाही. मग सहा आठवडे मशीनखाली शेक. सुंदराचं बोलणं फक्त घरच्यांना कळायचं, खाणं सगळं पातळ. ती पदर नाकापर्यंत ओढून बसे, पण शेतावर जायला लागली होती. सहा महिन्यांनी मानेत पुन्हा गाठ आली.

तेव्हा नवं औषध सुरू झालं. शरीरातले जे शिपाई कॅन्सरकडे काणाडोळा करतात त्यांना तो ओळखायला लावणारं इंजेक्शन, असं डॉक्टरांनी समजावलं. आधी ते बड्या लोकांपुरतं होतं, आता अगदी थोड्या मात्रेतही उपयोग होतो असं आपल्याकडच्या डॉक्टरांनीच दाखवून दिलं होतं, म्हणून सुंदरापर्यंत पोचलं. ते काम करत नाही असं कोणी म्हणू नये. त्यानं तिला भाताची एक पुरी कापणी दाखवली, ती खळ्यावर येऊन बसली, नातवाचं बारसं तिनं बघितलं. हौसा त्या इंजेक्शनच्या बाटलीकडे बघत बसायची. केवढं डोकं लावलं असेल लोकांनी, किती वर्षं, तेव्हा ते त्या थेंबात उतरलं. आणि इथे आपल्याला एक प्रश्न नीट विचारता आला नाही.

माघात सुंदरा गेली. शेवटचे पंधरा दिवस कोणी बघू नयेत असे होते, म्हणून ते इथे सांगत नाही.

दहाव्याला बायका जमल्या आणि त्यांनी आपला निकाल तिथेच देऊन टाकला. रत्ना, आळीतली सगळ्यांत बोलकी बाई, हौसाच्या तोंडावर म्हणाली, "चांगली होती बाय. दाढ तर दुखत होती. तुमी नेली, कापली, कापलं का पसरतं ते. घरी ठेवली असती तर आज खळ्यावर असती." बाकीच्यांनी माना डोलावल्या. भगीरथही खाली मान घालून बसला होता, त्यानं नाही म्हटलं नाही. हौसानं सांगायचा प्रयत्न केला. मशेरी म्हणजे तंबाखू, तिनंच हे झालं. रत्नानं थंडपणे विचारलं, "मंग तूच तर भाजून देत होतीस का नाय?" जे खरं होतं ते हौसाच्या विरुद्ध होतं, आणि जे खोटं होतं त्यावर गावाचा विश्वास बसला होता.

हौसा स्नेहलकडे गेली. बायकांचं शून्य चुकलंय, सगळं पुन्हा भरायचंय. स्नेहल वाईट बाई नव्हती. तिनं कपाळाला हात लावला. जुनी माहिती बदलता येत नाही, वर प्रश्न विचारतील, आणि त्यावर सत्कारही झालेला. "मशेरी हा पर्यायच नव्हता ना त्यात, हौसाताई. तुमची चूक कुठंय?" हौसा म्हणाली, "माजी चूक कुटं हाय ते मला म्हाईत हाय. तुमी शिबिर लावून द्या." ते लावून द्यायला आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत ती एक शंभर पानी वही घेऊन पुन्हा घरोघर फिरली. या वेळी तंबाखू हा शब्दच काढला नाही. मशेरी दिवसातून किती वेळा, एवढंच विचारलं. दोनशे नऊ बायकांतल्या एकशे सत्तर. कोणी दार लोटून घेतलं, कोणी पदर तोंडावर ओढला. तरी ओट्यांवर बसून राहण्याची तिची जुनी कला होतीच. कोणाला शपथ घातली, कोणाशी भांडली, कोणाच्या पाया पडली, आणि एकेक तोंड उघडायला लावून फोटो काढले. यंत्रानं नऊ जणींना लाल दिलं. त्या नऊ नावांभोवती तिनं पेनानं गोल केले. रत्नाचं नाव त्यात होतं. आणि सगळ्यांत वाईट फोटो होता वाडीवरच्या सोनीचा, पस्तिशीची कातकरी बाई, गालाच्या आत लाल-पांढरं डागाळलेलं.

नऊ जणींना दवाखान्यात न्यायला हौसा सतरा वेळा निघाली असेल. एकही हलली नाही. सुंदराचं काय झालं ते त्यांनी बघितलं होतं. दवाखान्यात गेलं की कापणार, कापलं की पसरणार. म्हणून दवाखानाच गावात आणायचा होता, दिवा, खुर्ची आणि डॉक्टर मनस्वी. दिवाळी झाल्यावर पहिल्या सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात शिबिर ठरलं. बुधवारी वीटभट्टीचा ट्रक वाडीवर यायचा होता. सोनी, तिचा नवरा पोश्या, सगळी वाडीच त्यात चढून भिवंडीकडे जाणार, ती पाऊस लागेपर्यंत परतणार नव्हती. तोपर्यंत सोनीच्या गालात काय झालेलं असेल ते हौसाला सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

यात एक गोष्ट हौसानं कोणालाच सांगितली नव्हती. भादव्यात एकदा तिची जीभ खालच्या ओठाच्या आत गेली, जिथे वर्षानुवर्षं मशेरीचं बोट टेकायचं, आणि तिथे खरखरीत लागलं. आरसा घेऊन बघितलं. लाल होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर हौसानं तिला उचलून नेलं असतं. स्वतःचं बघायला मात्र तिला सवड होईना. आधी वही पुरी करू, मग कापणी, मग शिबिर. आपल्या तोंडाचा आपल्याला नीट फोटो काढता येत नाही, असंही तिनं स्वतःला समजावलं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. सुंदराच्या उशाशी बसलेल्या बाईला भीती काय असते ते कोणी शिकवायला नको.

सोमवारी दहाला डॉक्टर मनस्वी आल्या. खुर्ची मांडली, दिवा लावला, हातमोजे घातले. बायका आल्या, पण व्हरांड्यात नाही. शाळेसमोरच्या चिंचेखाली पारावर जाऊन बसल्या आणि तिथून बघत राहिल्या. रत्ना पुढे, सोनी एका कडेला, लेकराला मांडीवर घेऊन. अकरा वाजले, बारा वाजले. हौसा तीनदा पारावर जाऊन आली. "तू व्हय पुढं, आमी येतून," असं म्हणून त्यांनी तिला तीनदा वाटेला लावलं.

साडेबाराला डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "हौसाताई, कोणी येत नाही तर तुम्हीच बसा. तुम्हालाही होतीच ना सवय. त्या बघतील तरी, यात काही भ्यायचं नाही ते."

पारावरच्या सगळ्या जणी आता खुर्चीकडे बघत होत्या. पळायला जागा नव्हती. हौसा बसली, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं.

डॉक्टरांनी गाल बघितले, जीभ उचलून बघितली. मग खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर ओढला आणि त्या थांबल्या. दिवा जवळ आणला. बोटानं दाबून बघितलं, हनुवटीखाली चाचपलं. बाहेरून बघणाऱ्याला त्यात विशेष काही दिसलं नसतं, पण हौसानं सुंदराच्या वेळी हे सगळं याच क्रमानं बघितलं होतं.

"किती दिवस आहे हे?" डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं.

"भादव्यापासून."

"आणि तुम्ही मला तीनदा फोन केलात शिबिरासाठी. तेव्हा बोलला नाहीत." त्यांच्या आवाजात राग होता. "कडा कडक लागतायत, खाली गाठ आहे एक. तुकडा काढायला हवा. उद्याच या. हे थांबण्यासारखं नाही."

"येते."

"हौसाताई, नक्की?"

"येते म्हनलं ना. आता मला उठू द्या, त्या बघतान."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या ती उतरली. पार पंधरा पावलांवर. तेवढ्या अंतरात तिनं काय विचार केला ते तिनं पुढे कोणालाच सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर बायका तिथूनच उठल्या असत्या, आणि बुधवारी ट्रक निघून गेला असता.

"काय निंगालं गो?" रत्नानं विचारलं.

"काय नाय निंगालं."

"काय पन नाय?"

"आ करायला लावतान, दिवा मारतान, झालं. माज्यासारखी तीस वर्षं मशेरी लावलेली बाई, तिला काय नाय निंगालं, तुमाला काय निंगनार हाय?"

"आनी कापाकापी?"

"कोनी सुई बी नाय दाखवली. तुमी बघत होतात ना."

रत्ना तिच्या तोंडाकडे बारकाईनं बघत राहिली. हौसानं नजर काढली नाही, उलट खालचा ओठ दातांखाली न येऊ देता हसली. व्हरांड्याच्या दारात डॉक्टर मनस्वी उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं. त्या काहीतरी बोलायला पुढे झाल्या, पण पारावर सोनी लेकराला शेजारी उभ्या पोश्याच्या हातात देऊन उठत होती, म्हणून तशाच मागे फिरल्या आणि नवे हातमोजे चढवले. सोनीच्या मागे दुसरी उठली, मग तिसरी. रत्ना शेवटी का होईना, पदर झटकून उठली.

सोनी खुर्चीवर अवघडून बसली. डॉक्टरांना एक हात ओठ धरायला आणि एक आरशाला लागत होता, म्हणून त्यांनी हौसाला जवळची लहान बॅटरी धरायला सांगितली. हौसानं ती सोनीच्या गालावर धरली. प्रकाश एका जागी राहीना.

"हौसाबाय," सोनीनं तोंड अर्धवट मिटून विचारलं, "तुजा हात का हलतो गो?"

"सकाळपासून काय खाल्लं नाय," हौसा म्हणाली. "तू तोंड उघड."